तंबूच्या दारातून : हिमबिबट्या, बूटचोर आणि ग्लुकोजची बिस्किटं

मागच्या अंकात लडाखमधल्या रुंबाक गावच्या मुक्कामाबद्दल चार ओळी काय लिहिल्या, मेलबॉक्स भरून वाहिला. निम्म्या लोकांना हिमबिबट्या बघायचाय, उरलेल्यांना रात्री तंबूत काही शिरणार तर नाही ना याची खात्री हवीय. म्हणून यावेळी सगळे प्रश्न एकाच मुलखाचे घेतोय, लडाख आणि स्पिती, जिथे झाडं संपतात आणि नुसता दगड, वारा आणि आभाळ उरतं.

काका, आम्ही चार मित्र जूनमध्ये लेहला चाललोय. मधले तीन दिवस मोकळे काढलेत. तंबू टाकून राहिलो तर हिमबिबट्या दिसेल का? एक टूरवाला 'साइटिंग गॅरंटी' म्हणतोय. — आयटीवाला, पुणे

त्या टूरवाल्याला विचार, दिसला नाही तर पैसे परत का, आणि हे कागदावर लिहून देतोस का. विषय तिथेच संपेल.

आता जूनचं बघ. हिमबिबट्याचं मुख्य जेवण म्हणजे भरल, ती निळसर करड्या रंगाची जंगली मेंढी, आणि आयबेक्स, म्हणजे लांब शिंगांची रानबकरी. उन्हाळ्यात बर्फ वर सरकतं, मागोमाग गवत वर उगवत जातं, गवताच्या मागे भरल आणि भरलच्या मागे हा, म्हणजे तू खाली नदीकाठी तंबू टाकून मॅगी करत असशील तेव्हा तो तुझ्यापेक्षा हजार मीटर वर कुठेतरी झोपलेला असतो. थंडीत बर्फ पडलं की हीच सगळी वरात खाली गावांजवळ येते. शिवाय जानेवारी ते मार्च हा त्यांचा जोडीचा काळ, तेव्हा फिरणं जास्त, खुणा करणं जास्त, आणि रात्री ओरडणंही. डरकाळी नाही बरं का, ती त्याला फोडताच येत नाही, लांबून एखादा बोका रडतोय असं काहीसं वाटतं.

म्हणून जायचं तर फेब्रुवारी-मार्च, आणि तीन नाही, कमीत कमी आठ दिवस हातात ठेवून. लेह ३५०० मीटरवर आहे, आपलं कळसूबाई १६४६, म्हणजे दोन कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी लेह वरच राहतं. विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, पाणी प्यायचं, आणि 'मला काही होत नाही' असं म्हणणाऱ्या मित्रावर जास्त लक्ष ठेवायचं, कारण सगळ्यात आधी तोच आडवा होतो.

जागा म्हणशील तर लेहजवळ हेमिस नॅशनल पार्कमधलं रुंबाक, नाहीतर स्पितीत काझाच्या वर साधारण ४२०० मीटरवरचं किब्बर. किब्बरला थंडीत मनालीवरून जाता येत नाही, कुंझुमची खिंड बंद असते, शिमला, रामपूर, रिकाँगपिओ, नाको, ताबो असं लांबून जावं लागतं आणि तो रस्ता सुद्धा बर्फाच्या मर्जीवर. आणि खरं सांगू का, फेब्रुवारीत तंबूचा हट्ट सोड. रात्री उणे २० च्या खाली जातं, संध्याकाळी सहा ते सकाळी सात स्लीपिंग बॅगमध्ये पडून काय करणार? गावात होमस्टेत राहा. मधोमध बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, पेटलेली असते, थुक्पा, म्हणजे नूडल्सचं गरम सूप, मिळतो, आणि तुझे पैसे त्या घरात जातात ज्यांच्या मेंढ्या याच बिबट्याने कधी ना कधी मारलेल्या असतात. तो गोठ्यात शिरला की एक मारून थांबत नाही, घाबरून सैरावैरा पळणारं जनावर समोर असेल तोवर मारत सुटतो, एका रात्रीत एका घराचं वर्षाचं उत्पन्न जातं. त्या घरातला माणूस दुसऱ्या दिवशी तुला तोच बिबट्या दाखवायला डोंगर चढतो ही गोष्ट माझ्या तरी डोक्यातून जात नाही.

आकडा ऐकून ठेव. जानेवारी २०२४ मध्ये देशभरातल्या पहिल्या शास्त्रीय मोजणीचे आकडे जाहीर झाले, भारतात मिळून ७१८ हिमबिबटे, त्यातले ४७७ एकट्या लडाखात, हिमाचलात ५१. लडाखात भरपूर आहेत की, असं वाटेल. पण पुणे, नाशिक आणि नगर हे तीन जिल्हे एकत्र जोडले तरी लडाखचा पसारा भरत नाही.

मग बघायचं कसं? फिरून नाही, बसून. इथेच सगळे पुणेकर चुकतात (मी पण चुकलोय, पहिल्या ट्रिपला रोज पंधरा किलोमीटर चाललो आणि फक्त स्वतःचे गुडघे पाहिले). सकाळी ऊन यायच्या आत एका उंच जागी जाऊन बसायचं आणि समोरची धार डावीकडून उजवीकडे, मग खालची, मग त्याच्या खालची, अशी दुर्बिणीने झाडून काढायची. बिबट्या शोधायचाच नाही, बाकीचे काय करतायत ते बघायचं. भरलचा कळप चरता चरता अचानक मान वर करून एकाच दिशेला बघायला लागला, कुणीतरी तीक्ष्ण शिट्टीसारखा आवाज काढला, की त्या दिशेला काहीतरी आहे. कावळे आणि मॅगपाय एका घळीवर कालवा करतायत, गिधाडं कड्यावर रांगेत बसलीयत पण खाली उतरत नाहीत, म्हणजे शिकार पडलीय आणि मालक अजून जेवतोय. एक भरल त्याला तीन-चार दिवस पुरतं, त्यामुळे अशी जागा सापडली तर तिथून हलूच नको.

मला दिसला तो किब्बरला, पाचव्या दिवशी. आमचा ट्रॅकर, म्हणजे प्राणी शोधून देणारा गावातला वाटाड्या, स्कोप (ट्रायपॉडवरची एकनळी मोठी दुर्बीण) लावून बाजूला झाला आणि म्हणाला, देखो. मी दहा मिनिटं बघत होतो, दगड, दगडाच्या बाजूला दगड, त्यावर थोडं बर्फ. तो म्हणतोय बीच में, मी म्हणतोय कुठे बीच में. आणि मग त्यातल्या एका दगडाची शेपटी उचलली गेली, हळूच दुसऱ्या बाजूला पडली, आणि एकदम सगळं प्राणी झालं, कान, पाठ, पुढचे पंजे, सगळं तिथेच होतं इतका वेळ. जवळजवळ एक किलोमीटर लांब. पुढचे चार तास तो झोपला आणि आम्ही सात जण त्याला झोपताना बघत बसलो. एकदा कूस बदलली तेव्हा सगळे 'ओ' म्हणाले, भारत-पाक मॅचसारखे.

जूनमध्ये जाच तुम्ही, मजा येईल. फक्त मार्मोट, ती बिळात राहणारी गुबगुबीत खार, बघायला जाताय असं धरून जा.

सर, दुर्बीण कोणती घेऊ? दुकानदार म्हणतो जितका आकडा मोठा तितकी भारी. माझ्याकडे जत्रेत घेतलेली एक झूमवाली आहे, तिच्यातून चंद्र पण दोन दिसतात. — निवृत्त शिक्षक, सातारा

सर मी नाही हो, सर तुम्ही. ती जत्रेतली नातवाला देऊन टाका.

दुर्बिणीवर ८ बाय ४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसणार, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की तुमच्या डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या गोलाची रुंदी मिळते, ८ बाय ४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर, १० बाय ४२ मध्ये ४.२. पहाटे आणि तिन्हीसांजेला, जेव्हा सगळी जनावरं हलतात, तेव्हा हा एक मिलिमीटर फार कामाला येतो. आणि दहा पट मोठं दिसतं म्हणजे हाताची थरथरही दहा पट दिसते, त्यात ४००० मीटरवर चढून आल्यावर छाती भात्यासारखी चालत असते, मग समोरचा भरल नाचायलाच लागतो.

सह्याद्रीसाठी मी डोळे झाकून ८ बाय ४२ सांगतो. लडाखसाठी मात्र अंतरं इतकी अफाट आहेत की १० बाय ४२ घ्या, फक्त बसून, कोपर गुडघ्यावर टेकवून बघायची सवय लावा. बारा, सोळा, वीस पटवाल्या हातात धरायच्या भानगडीत पडू नका. खरं लांबचं बघायचं असेल तर ट्रायपॉडवरचा स्कोप लागतो आणि तो ट्रॅकरकडे असतो, तुम्ही विकत घ्यायची गरज नाही.

अजून दोन गोष्टी ज्या दुकानदार सांगत नाही. दहा-अकरा वाजल्यानंतर जमीन तापली की हवा थरथरायला लागते, मग कितीही महागडी दुर्बीण असो, समोर डांबरी रस्त्यावर दिसतं तसं पाणी-पाणी दिसतं, ती वेळ जेवायची. आणि थंडीत दुर्बिणीत बघताना नाकाने श्वास सोडला की काच धुरकटते आणि वर बर्फाची साय धरते, तेव्हा मफलर नाकावरून खाली घ्या आणि तोंड जरा बाजूला करून श्वास सोडा. उबदार खोलीत नेलीत तर आधी पिशवीत बंद करून न्या, नाहीतर आतून घाम येईल तिला.

निघायच्या आधी महिनाभर अजिंक्यताऱ्यावर जाऊन सराव करा ना. समोरच्या डोंगरावरची बकरी बघायची, मग दुर्बीण काढायची, मग पुन्हा तीच बकरी दुर्बिणीत पकडायची. सोपं वाटतं. पहिल्या दिवशी नुसतं आभाळ सापडेल.

दादा, ऑगस्टमध्ये आम्ही लडाखातला मारखा व्हॅलीचा ट्रेक करतोय, सोबत आमची अकरा वर्षांची मुलगी आहे. तिला प्राण्यांचं खूप वेड. तिला काय काय दिसेल, आणि मार्मोटला बिस्किट दिलं तर चालतं ना? व्हिडिओत सगळे देतात. — एक आई, ठाणे

ताई, बिस्किटाचं शेवटी सांगतो कारण त्यावर मी चिडतो.

मारखाला वरच्या टप्प्यात निमालिंग नावाचं मोठं कुरण लागतं, ४८०० मीटरच्या आसपास, वर कांग यात्सेचं शिखर, गावकऱ्यांच्या मेंढ्या आणि याक चरायला आलेले, आणि सगळीकडे मार्मोटची बिळं. मार्मोट म्हणजे मांजराएवढी, गुबगुबीत, सोनेरी तपकिरी खार समजा, झाडावर न चढणारी. लडाखी लोक फिया म्हणतात. बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभं राहून पहारा देते आणि धोका दिसला की किंचाळते, सगळ्या बाकीच्या आत. मुलीला म्हणावं बिळापासून पन्नास पावलांवर पोटावर झोप आणि अर्धा तास हलू नको. पहिली दहा मिनिटं काहीच नाही, मग एक नाक, मग दोन डोळे, मग ते ध्यान बाहेर येतं आणि आपण जणू तिथे नाहीच असं वागायला लागतं. तिच्या वयाला अर्धा तास जमेल, आपल्यालाच जमत नाही, आपल्याला मेसेज बघायचा असतो (रेंज नसली तरी).

दगडांच्या राशीत पिका शोधायला सांगा, उंदराएवढा, गोल कानांचा, शेपूट नसल्यात जमा, पण जातीने सशाचा नातलग. मार्मोट थंडीभर झोपते, सहा महिन्यांच्या वर. पिका झोपत नाही, तो उन्हाळ्यात गवत कापून वाळवून दगडांखाली गंजी लावतो आणि थंडीत ती खातो, अगदी आपल्याकडच्या शेतकऱ्यासारखा. तोंडात गवताचा भारा धरून पळणारा पिका दिसला तर ट्रेकचे पैसे वसूल.

आणि वर बघायला विसरू नका, लॅमरगायर गिधाड फिरत असतं, पंखांचा पसारा अडीच मीटरच्या वर. त्याचं खाणं बहुतांश हाडं. मोठं हाड असेल तर उंच नेऊन खडकावर टाकतो, फुटलं की खाली उतरून तुकडे गिळतो. छातीचा नारिंगी रंग त्याचा स्वतःचा नाही, लोह असलेल्या मातीत अंग माखून घेतो म्हणून येतो. मुलीला हे सांगा, वर्गात सांगायला मिळेल.

तंबूची जागा घोडेवाला ठरवेल पण तुम्हीही बघा. कोरड्या ओढ्याच्या पात्रात नाही म्हणजे नाहीच, कितीही सपाट असलं तरी. ५ आणि ६ ऑगस्ट २०१० च्या मधल्या रात्री लेहला ढगफुटी झाली तेव्हा ज्या भागात वर्षभरात जेमतेम दहा सेंटिमीटर पाऊस पडतो तिथे चिखलाचे लोंढे गावं घेऊन गेले. पाण्यापासून सत्तर-ऐंशी पावलं लांब राहा, ते आपल्या सुरक्षेसाठी आणि पहाटे पाण्यावर येणाऱ्या जनावरांसाठीपण. नदी ओलांडायची ती सकाळी लवकर, दुपारी वरचं बर्फ वितळून तेच पाणी गुडघ्याचं मांडीपर्यंत येतं. आणि निमालिंगच्या उंचीवर मुलं बोलत नाहीत की डोकं दुखतंय, ती चिडचिड करतात, जेवत नाहीत, गप्प बसतात. असं झालं तर मार्मोट राहू दे, खाली उतरा.

आता बिस्किट. नाही. पॅंगाँगच्या रस्त्यावर मार्मोटची एक वसाहत अशी माणसाळलीय की गाडीचं दार वाजलं की बाहेर येतात, हातातून क्रीमची बिस्किटं, चिप्स, काय वाट्टेल ते खातात. गवत खाणारं जनावर ते, त्याला चार-पाच महिन्यांत चरबी साठवून पुढची सगळी थंडी त्या चरबीवर काढायचीय. आपण मैदा आणि साखर घालतो त्याच्या पोटात. शिवाय माणूस म्हणजे खाऊ असं शिकलेलं पिल्लू कुत्रा आला तरी उशिरा पळतं. आणि ते चावतं ताई, कडक चावतं, पुढचे दात केवढे असतात बघितलंय का? व्हिडिओत चावलेलं टाकत नाहीत एवढंच.

नमस्कार, गेल्या वर्षी लडाखला कॅम्पमध्ये आमच्या मिस्टरांचा एक बूट रात्रीत गायब झाला. घोडेवाला म्हणाला लांडग्याने नेला. ते अजून सगळ्यांना लांडगा सांगतात. खरं असेल का? — विश्वास न बसलेली, कोल्हापूर

वहिनी, लांडगा नसणार. पण मिस्टरांना लगेच सांगू नका, लग्नाच्या पंगतीत चालणारी गोष्ट आहे ती.

बूटचोर म्हणून माझा संशय लाल कोल्ह्यावर. (खरं तर मराठीत कोल्हा म्हणजे शेतातून रात्री कोल्हेकुई करणारा, आणि हा जो झुपकेदार शेपटीचा त्याला खोकड म्हणायला हवं, पण आता सगळेच याला कोल्हा म्हणतात, मी पण दमलो सांगून.) कॅम्पच्या आसपास फिरायची त्याला सवय झालेली असते, आणि घामाने खारावलेलं चामडं म्हणजे त्याला मेजवानी, शिवाय पिल्लांना खेळायला नेतात ते वेगळंच. माझा स्वतःचा एक लोकरीचा मोजा असाच गेला. रात्री तंबूच्या बाहेरच्या कापडाला काहीतरी घासल्यासारखं झालं, मी श्वास धरून पडलो, मग चेनच्या खालच्या फटीतून एक बारीक काळं नाक आत आलं, दोनदा फुसफुसलं, आणि मोजा सरसर सरकत बाहेर गेला. मी हात लांब करून धरू शकलो असतो. धरला नाही, हसूच आवरेना. सकाळी ताज्या भुरभुरीत बर्फावर एका सरळ रेषेत पावलं, शिवणयंत्राने टाके घालावेत तशी, आणि बाजूला मोज्याची फरफट.

पावलांवरूनच ओळखायचं असतं. कोल्हा असा सरळ रेषेत चालतो, पाऊल लहान, लांबट. कुत्रा इकडेतिकडे, भरकटत, प्रत्येक दगडाशी थांबत. लांडग्याचं पाऊल मोठं, तळहाताएवढं, आणि तोही कुत्र्यासारखा न भरकटता सरळ जातो. लडाखी माणूस लांडग्याला शांकू म्हणतो आणि त्याच्या नावाने शिव्या देतो, गावांच्या वर अजून दगडी खड्डे दिसतात, आतल्या बाजूला झुकलेल्या भिंतींचे, त्यात बकरी ठेवून लांडगा पकडायचे. त्याने माणसाचा इतका मार खाल्लाय की तंबूच्या दारात येऊन आठ नंबरचा बूट पळवायची हिंमत तो करेल असं वाटत नाही.

दुसरा संशयित मोकाट कुत्रा, आणि हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कॅम्प, ढाबे, मोठे तळ यांच्या उरलेल्या अन्नावर लडाखात कुत्र्यांची संख्या प्रचंड वाढलीय, टोळ्या करून फिरतात, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातात. काळ्या मानेचा क्रौंच, जो लडाखचा राज्यपक्षी आहे, चांगथांगच्या, म्हणजे लडाखच्या पूर्वेकडच्या उंच पठाराच्या, पाणथळीत वर्षाला फार तर दोन अंडी घालतो, त्यालाही कुत्र्यांचा मोठा धोका. म्हणून रात्री भांडी खरकटी ठेवायची नाहीत, उरलेला भात 'कोणीतरी खाईल' म्हणून दगडावर ओतायचा नाही, सगळं ओलं-सुकं डब्यात बंद करून स्वयंपाकाच्या तंबूत, आणि तो तंबू झोपायच्या तंबूपासून लांब. बूट आत घ्यायचे. वास येतो म्हणाल, तर येऊ दे.

मी नागपूरचा, ताडोबा-पेंच बघत वाढलो. स्पितीला सहा दिवस राहून आलो, एक कोल्हा आणि लांबून काही ठिपके. हिमालयात प्राणी आहेत कुठे? — वैतागलेला विद्यार्थी

भावा, तुझी चूक नाही, तुला वाघांनी बिघडवलंय.

ताडोबात बांबू आहे, पाणी आहे, चितळांचे कळप आहेत, म्हणून वाघाला लहान इलाखा पुरतो. स्पितीत पाऊस जवळजवळ नाही, गवत विरळ, म्हणून भरल विरळ, म्हणून बिबट्याला फिरायला शंभर-दोनशे चौरस किलोमीटर पण लागतात. तुझी जिप्सी ज्या वेळात तीन पाणवठे करते त्या वेळात इथे एक आयबेक्स एका कड्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जातो. पण इथे तुझ्यासमोर झुडपाची भिंत नाही, सगळा डोंगर उघडा पडलाय, एकदा दिसलं की तासन् तास दिसत राहतं. ताडोबात वाघ रस्ता ओलांडतो, बारा सेकंद, पुढे वीस गाड्यांचा धूर.

ते लांबचे ठिपके काय होते हे विचारलंस का कुणाला? बसून आधी ठिपके मोजायचे. शिंगं मागे तलवारीसारखी वाकलेली आणि त्यावर गाठी, म्हणजे आयबेक्स. बाहेरच्या बाजूला वळलेली गुळगुळीत, म्हणजे भरल. कळपात पिल्लं किती, नर वेगळे आहेत का, वर कोण उभंय. मला पण पहिल्यांदा हे कंटाळवाणं वाटलेलं. तिसऱ्या दिवशी मोजताना एक भरल कमी भरला.

ड्रोन, कॉल प्लेबॅक (रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून प्राणी-पक्षी बोलावणं), फ्लॅश यापैकी काय चालेल? — हौशी फोटोग्राफर, कल्याण

काहीच नाही.

थोडं खुलासेवार सांगतो, नाहीतर म्हणाल काका उर्मट. अभयारण्यात ड्रोनला परवानगी लागते आणि हौशी माणसाला ती मिळत नाही, पण नियम सोडा, कड्यावर आयबेक्सची मादी पिल्लू घेऊन उभी असताना डोक्यावर तो भुंगा आला तर ती पळणार कुठे? खाली दोनशे मीटरची दरी आहे. फेब्रुवारीत प्रत्येक जनावर उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर दिवस काढत असतं, त्याला विनाकारण पळवणं म्हणजे त्याच्या खिशातले पैसे काढून घेणं. चांगथांगमध्ये क्यांग, म्हणजे रानगाढवं, गाडीला समांतर धावतात आणि लोकांना वाटतं ती शर्यत लावतायत, मग हे पण अॅक्सिलरेटर दाबतात. तिथेच हानलेला त्या छोट्या पॅलासच्या रानमांजरीला गाड्यांनी घेरून लोक फोटो काढतात, बिळाच्या तोंडाशी. असे फोटो मला पाठवू नका, मी बघत नाही.

बॅटरी मात्र तीन ठेवा आणि दोन आतल्या खिशात, अंगाला लागून. थंडीत फुल चार्ज दाखवणारी बॅटरी दहा मिनिटांत मान टाकते, खिशात गरम केली की पुन्हा थोडी चालते.

मी ६२ वर्षांची आहे, सून-मुलासोबत झंस्करला तंबूत राहणार आहे. रात्री दोनदा उठावं लागतं. तिकडे अस्वलं असतात म्हणे. बाहेर जायचं कसं? — आजी, बेळगाव

आजी, सगळ्यात कामाचा प्रश्न तुमचा.

अस्वलं आहेत, खोटं सांगणार नाही. झंस्कर, सुरू, द्रास या भागात हिमालयातलं तपकिरी अस्वल आहे, आपल्याकडच्या काळ्या अस्वलापेक्षा बरंच मोठं. पण संख्या फार कमी, आणि येतं ते वासाला, म्हणून झोपायच्या तंबूत खाऊ ठेवायचा नाही, भडंग नाही, कुंदा तर नाहीच, आणि नातवाच्या खिशातलं चॉकलेटपण तपासा. सगळं स्वयंपाकाच्या तंबूत. चुकून समोर आलंच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, हळू बोलत मागे सरकायचं.

रात्री उठलात की आधी आतूनच खाकरायचं, चेन जरा जोरात ओढायची, म्हणजे बाहेर जे कोण असेल ते आधी निघून जातं. डोक्यावरची बॅटरी लावून तंबूच्या दारातूनच एक गोल फिरवून बघायची, जनावर असेल तर डोळे चमकतात. मग एक मिनिट नुसतं बसायचं, एकदम उभं राहायचं नाही, त्या उंचीवर चक्कर येते, अस्वलापेक्षा पडण्याची भीती जास्त. काठी घ्या. सुनेला उठवायला लाजू नका.

डोळे चमकले म्हणून लगेच घाबरूही नका पण. झंस्करमधल्या पदुमच्या पुढे एका कॅम्पला मला रात्री दोन वाजता असे हिरवे डोळे दिसले, चांगले मोठे, जमिनीपासून छातीइतक्या उंचीवर, हलेनात. मी अख्खा कॅम्प उठवला. सगळे बॅटऱ्या घेऊन बाहेर आले, कोणी ताट वाजवतंय, कोणी शिट्टी. घोडेवाला डोळे चोळत आला, त्या दिशेने चालत गेला, आणि कान धरून आपलं गाढव घेऊन आला.